फ्लू व घरची पूर्वतयारी (भंडारा जिल्हा)

फ्लू : इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होणारा, खोकल्या-शिंकांतून पसरणारा श्वसनमार्गाचा आजार. महाराष्ट्रात त्याची साथ हिवाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा पावसाळ्यात डोके वर काढते. भंडाऱ्यात पावसाळी साथ अधिक अडचणीची ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी भरात असते, मजूर गटागटाने बांध्यांत उतरतात आणि ताप अंगावर काढला जातो. त्याच दिवसांत वैनगंगा व तिच्या उपनद्यांना पूर येऊन वाटा बंद होतात. त्यामुळे येथे औषधांची आणि लशीची सोय रोवणीआधीच झालेली असावी.

१९१८ च्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकी एक होता. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. स्वाइन फ्लूचा भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. २०१५ च्या साथीची मोठी झळ नागपूरला बसली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटून वैनगंगेला महापूर आला, तोही कोविडची साथ चालू असताना. साथ आणि पूर एकत्र येतात, हे गृहीत धरूनच घराची तयारी करणे शहाणपणाचे.

घरात थर्मामीटर, पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे, मास्क, साबण आणि रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांचा किमान दोन आठवड्यांचा साठा असावा. आरोग्याची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावीत. आशाताईचा फोन क्रमांक आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या लहानथोरांना पाठ असावा. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ताप आणि शरीरातले पाणी कमी होणे या दोन्हींमुळे त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा घराने ताप उतरण्याची वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा.

बहुतेकांचा फ्लू विश्रांती आणि भरपूर पाण्याने आठवडाभरात बरा होतो. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. धाप, छातीत दुखणे, ओठ-नखे निळसर पडणे, गुंगी, थुंकीतून रक्त, बाळाने दूध तोडणे यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालयात न्यावे. ऑसेल्टामिव्हिर हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. दूरच्या गावाला हे तास प्रवासातच गमवावे लागू शकतात.

विषाणू रूप बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. गरोदर महिला, वृद्ध, दमा, मधुमेह व सिकलसेलचे रुग्ण यांना ती आधी मिळायला हवी. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतलेली लस त्याचेही रक्षण करते. बाळंतिणीला फ्लू झाला तरी अंगावरचे दूध तोडू नये. हात धुऊन, मास्क लावून पाजावे.