सैतानाचे मळसूत्र

परवा आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात घुशींनी ओटा पोखरला. गवंडी फरशी उचलून म्हणाला, "गुरुजी, आत नुसती वळणंच वळणं!" मला एकदम अमेरिकेतला नेब्रास्का आठवला. मी मॅट्रिक झालेला मास्तर. नेब्रास्का कुठला पाहणार? पण तिथल्या एका बिळाचे माझ्यावर जुने देणे आहे.

नेब्रास्काच्या वायव्य भागात माणसाहून उंच अशी दगडी मळसूत्रे जमिनीत उभी गाडलेली सापडतात. लोक त्यांना सैतानाची मळसूत्रे म्हणत. १८९१ साली अर्विन बार्बर या भूशास्त्रज्ञाने ती पाहिली. त्याला आधी ते गोड्या पाण्यातले स्पंज वाटले, मग वनस्पती. सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतीच्या पेशी दिसतच होत्या! एका मळसूत्रात कुरतडणाऱ्या प्राण्याचा सांगाडा निघाला, तरी त्याचे मत ढळले नाही. १८९३ साली फुक्स आणि कोप या विद्वानांनी ही बिळे असल्याचे सुचविले. ते त्याने मानले नाही.

ती बिळेच होती. खणणारा होता पॅलिओकॅस्टर: सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा, बीव्हरच्या कुळातला, पण कोरड्या माळावर राहणारा लहानसा प्राणी. त्याचा वंश कधीच संपला. आणि त्या पेशी? ओलाव्याच्या ओढीने झाडांची मुळे बिळाच्या भिंतींत शिरली होती. मातीतल्या ज्वालामुखीच्या राखेतील सिलिका त्यांत उतरून त्यांचा दगड झाला. १९७७ साली मार्टिन व बेनेट यांनी भिंतींवरचे ओरखडे या प्राण्याच्या पुढच्या दातांशी ताडून पाहिले. ते जुळले. गडी दातांनी खणत असे!

आता माझे देणे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका जुन्या पुस्तकाच्या भरवशावर, मी हे मळसूत्र फळ्यावर काढून विचारले, "हे काय?" खेड्यातून आलेला, मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, बीळ." वर्ग हसला, मीही हसलो. "चूक! वनस्पती," असे सांगून त्याला खाली बसविले. खरी हकीगत मला कळली तोवर तो शाळा सोडून गेला होता. बार्बरच्या हट्टाला निदान सूक्ष्मदर्शकाचा आधार होता. माझ्यापाशी होती ती फक्त खुर्ची.

"बुजवू का, गुरुजी?" गवंड्याने विचारले.

"थांबा," मी म्हटले, "आधी मला नीट पाहू द्या."