नाळ, घाई आणि निळा दिवा

बाळंतिणीला भेटायला जावं, तर अनेकदा ऐकायला मिळतं, ‘बाळाला लाइटखाली ठेवलंय.’ म्हणजे कावीळ. याच काविळीचं भय नाळ झटपट कापण्याच्या बाजूनं वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं.

खरं तर थांबणं हीच जुनी रीत. सुश्रुतसंहितेत आधी बाळाच्या अंगावरचं वेष्टन काढायचं, सैंधव आणि तुपानं तोंड साफ करायचं, टाळूवर तुपाचा बोळा ठेवायचा. मग आठ बोटं सोडून नाळ दोऱ्यानं बांधून कापायची. घड्याळ नव्हतं, पण एवढं उरकेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं सहज गेली असतील. आपल्या कित्येक सुइणी तर वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसत. तिकडे इंग्लंडात चार्ल्स डार्विनचे आजोबा, वैद्य इरॅस्मस डार्विन यांनीही बजावलं होतं : बाळानं चांगले श्वास घ्यावेत, नाळेतले ठोके थांबावेत, तोवर ती बांधू नये.

घाई रुळली ती विसाव्या शतकात. रक्तस्राव रोखण्यासाठी आईला इंजेक्शन, लगोलग नाळेला चिमटा, मग वार ओढून काढणं, असा क्रमच ठरला. इंजेक्शननं बायकांचे जीव वाचले, यात वाद नाही. चिमट्याची घाई मात्र त्याच्या पदराला धरून आत आली.

थांबलं, तर मिनिटभरात साधारण ८० मिलिलिटर रक्त वारेतून बाळाकडे येतं. लोह मिळतं. पण जास्त तांबड्या पेशी फुटल्या की कावीळ आणणारं बिलिरुबिनही जास्त, आणि कोवळ्या यकृताला ते आवरत नाही. शंका पोकळ नव्हती. अनेक चाचण्या एकत्र जोखणाऱ्या २०१३च्या कोक्रेन आढाव्यात लाइटची गरज लागलेली बाळं लवकर कापलेल्या गटात ३ टक्क्यांच्या आत, उशिरा कापलेल्या गटात ५ टक्क्यांच्या आत निघाली. फरक आहे, पण त्यावर उपाय हाताशी आहे.

तो उपाय सापडला एका चादरीमुळे. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत. १९५६ मध्ये राउंडवर आलेल्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं : सगळं अंग फिकट, एक तिकोनी तुकडा मात्र गडद पिवळा. काही फासलंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. छे, तिथं चादरीचं टोक आलं होतं, एवढंच! पुढे खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन उतरलेलं दिसलं. १९५८ मध्ये तिथल्याच क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये दिव्याच्या उपचाराची हकीकत छापली.

जागतिक आरोग्य संघटना आता सांगते, एक मिनिटाच्या आत नाळ कापू नका. बाळ श्वासच घेत नसेल आणि त्याला हवा द्यावी लागणार असेल, तर मात्र नाळ ताबडतोब कापून त्याला वॉर्मरखाली नेतात.