नकाशा नसलेलं जहाज

आज जहाजांबद्दल बोलायचंय, आणि तेही जालन्यातून. हसू नका. इथून मुंबईचा समुद्र रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर लांब आहे. आमच्याकडे पाणी म्हटलं की आधी टँकर आठवतो. पण एमआयडीसीजवळच्या एका घरात, मागच्या खोलीत, गेली दोन वर्षं एक जहाज तयार होतंय. लांबी जेमतेम दोन फूट.

घर माझ्या मामांचं. मामा आयुष्यभर रोलिंग मिलमध्ये टर्नर होते. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने टीव्हीसमोर बसले आणि वैतागले. मी पुण्याहून त्यांच्यासाठी जहाजाचं तयार किट आणलं. फळ्या कापलेल्या, नंबर टाकलेले, सोबत सूचनांचं पुस्तक. त्यांनी आठ दिवसांत ते जोडलं आणि मला म्हणाले, "यात मी काय केलं रे? नंबर बघून चिकटवलं. हे तर पाकिटातलं नूडल झालं."

मग त्यांना स्क्रॅच बिल्डिंग सापडलं. म्हणजे किट नाही, कापलेले भाग नाहीत. लाकडाचा तुकडा, हत्यारं आणि आपलं डोकं, बस्स. जहाज कोणतं करायचं, हेही त्यांनीच ठरवलं: अजिंठ्याचं.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेणीत, साधारण पाचव्या शतकातल्या चित्रांमध्ये, एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली शिडं, दिशा देणारी मोठी वल्ही, पुढच्या टोकावर रंगवलेला डोळा आणि वर ओळीने ठेवलेले रांजण. अभ्यासक या चित्राचा संबंध पूर्णाच्या कथेशी जोडतात. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. पुढे तो भिक्षू होतो आणि चंदन आणायला गेलेला त्याचा भाऊ समुद्रात वादळात सापडतो, अशी ती गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, डोंगरातल्या लेणीत समुद्र कुठून आला? तर व्यापारातून. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, यांची नावं आहेत. इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचा. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, असं त्यात लिहिलंय. आणि आपल्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन! इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. तिच्याशी बरंच साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे. असा माल समुद्र ओलांडून गेला तो जहाजांतूनच. आणि त्या जहाजांचा एकही आराखडा आज आपल्याकडे नाही.

कागदाचं महत्त्व कळायला एक उलटं उदाहरण सांगतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' जमशेदजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली पाण्यात उतरलं. त्याचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' या जहाजातून निघाले होते. १८१२ मध्ये ते जहाजच अमेरिकन नौदलाने जिंकून नष्ट केलं. मग नकाशांचा दुसरा संच मागवावा लागला. म्हणजे कागद गेला तर काम थांबायचं. पण कागद होता, म्हणून त्या जहाजाची रचना आज आपल्याला ठाऊक आहे. 'ट्रिंकोमाली' स्वतःसुद्धा इंग्लंडमधल्या हार्टलपूलला बघायला मिळतं.

अजिंठ्याच्या जहाजाचं तसं नाही. ते बांधणाऱ्यांचा आराखडा त्यांच्या डोक्यात आणि हातात होता. माझ्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर चालू होतं, डॉक्युमेंटेशन शून्य आणि टीम सोडून गेलेली.

मामांनी सुरुवात यूट्यूब बघून केली. युरोपियन जहाजांच्या व्हिडिओत आधी फासळ्यांचा सांगाडा उभा करतात, मग त्यावर फळ्या ठोकतात. मामांनी तसंच केलं. पण आपल्याकडची जुनी जहाजं शिवलेली असायची. फळ्यांना कडेने भोकं पाडून, सांध्यावर काथ्या ठेवून दोरीने शिवायचं, खिळे नाहीत. सांगाडा उभा राहिला, फळ्या लागल्या, आणि सुई आत जाईना! फासळ्या आडव्या. मामा आठवडाभर झगडले. शेवटी मामी गोधडी बाजूला ठेवून आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, आधी शिवा ना, मग आत काय घालायचं ते घाला. शिवायला दोन्हीकडून हात पोचायला नको का?"

मामांनी चार महिन्यांचं काम मोडलं. नंतर मी वाचलं, शिवलेल्या जहाजांची पारंपरिक पद्धत हीच: आधी फळ्यांचं कवच, मग फासळ्या. पुस्तकात ही एक ओळ असते. मामांना ती चार महिने घालवून कळली, आणि म्हणूनच ते ती विसरणार नाहीत.

हेच काम मोठ्या आकारात खरोखर झालंय. याच अजिंठ्याच्या चित्रावरून भारतीय नौदलाचं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज बांधलं गेलं. १२ सप्टेंबर २०२३ ला गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्समध्ये काम सुरू झालं. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी फळ्या शिवल्या. जुना आराखडा नाही, म्हणून आकार शून्यापासून ठरवावा लागला. आयआयटी मद्रासमध्ये आधी मॉडेलची चाचणी झाली. २१ मे २०२५ ला कारवारला जहाज नौदलात आलं, २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रकल्पातही आधी छोटं मॉडेल करून बघावंच लागलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. मामांकडे शंभर पानी वही आहे. प्रत्येक पानावर दोन रकाने. एकावर लिहिलंय 'दिसतं', दुसऱ्यावर 'ठरवलं'. तीन डोलकाठ्या: दिसतं. फळ्यांची जाडी: ठरवलं. रांजण: दिसतं. जहाजाची रुंदी: ठरवलं, कारण चित्र एका बाजूने काढलेलं आहे. मी विचारलं, "मामा, एवढं कशाला लिहिता? बघणाऱ्याला काय कळणार?"

ते म्हणाले, "म्हणूनच लिहितो. उद्या कुणी हे बघून म्हणेल, असंच होतं जहाज. मी थोडाच तिथे होतो? चित्रकाराने डोळ्याने काढलं, पट्टीने नाही. माझं चुकलं असेल तर कुठे चुकलं ते तरी सापडायला पाहिजे."

इतिहासाच्या नावाखाली आपल्या फोनवर रोज काय काय येतं, तुम्हाला माहीत आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कितीजण हे दोन रकाने वेगळे ठेवतात? मी स्वतः या पॉडकास्टच्या जुन्या भागांत ठेवले नव्हते. आता स्क्रिप्ट लिहिताना ठेवतो.

जहाज अजून पूर्ण नाही. शिडांचं कापड कसलं असावं, यावर मामांचं घोडं अडलंय. तो रकाना रिकामा आहे आणि त्यांना घाई नाही.

तुमच्या घरी कुणी रिटायर झाल्यावर असं काही करत असेल, तर नुसता फोटो काढू नका. शेजारी बसा आणि विचारा, हे असंच का केलं? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.