ग्लासगो ते कूपरेज: एका खुर्चीची वंशावळ

29 ऑगस्ट 2025. कोकणातल्या पावसला घरोघरी गणपती बसलेले, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी घरं भरलेली. त्या रात्री ताजिकिस्तानात भारताने यजमान संघाला 2-1 असं हरवलं. भारताचा प्रशिक्षक म्हणून खालिद जमीलचा हा पहिलाच सामना. जन्म कुवेतचा, पण फुटबॉलपटू म्हणून तो मुंबईत घडला. 2012 मध्ये सावियो मेदेरा गेल्यापासून ही खुर्ची परदेशी प्रशिक्षकांकडेच होती.

आधी स्वतः खेळायचं आणि पाय थकले की दुसऱ्यांना खेळवायचं, ही फुटबॉलमधली जुनी रीत. तिचा माग काढत गेलं की स्कॉटलंड लागतं. फुटबॉल इंग्रजांनी आणला असं आपण सरसकट म्हणतो. पण 1888 मध्ये सिमल्याला ड्युरँड चषकाची पहिली अंतिम लढत झाली, तेव्हा दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचेच होते. रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्सने हायलँड लाइट इन्फन्ट्रीला 2-1 ने हरवलं. तीनच वर्षांनी मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला.

चेंडू एकट्याने रेटत न्यायचा, ही सुरुवातीच्या इंग्रज खेळाडूंची तऱ्हा. तो एकमेकांना देत पुढे सरकायचं, हे स्कॉटिश खेळाडूंनी रुजवलं. पुढे त्यांच्याच कोळसा खाणींच्या मुलखातून मॅट बस्बी, बिल शँकली, जॉक स्टीन आले. तिघांनीही खाणीत काम केलेलं, तिघेही खेळाडूचे मॅनेजर झालेले. 25 मे 1967 ला लिस्बनमध्ये स्टीनच्या सेल्टिकने इंटर मिलानला 2-1 ने हरवून युरोपियन कप जिंकला. मैदानात उतरलेले अकराही जण ग्लासगोपासून पन्नासेक किलोमीटरच्या आत जन्मलेले! हे वाचताना मला दर वेळी ग्लासगोचा हेवा नाही, मुंबईची काळजी वाटते.

कारण मुंबईतही गडी घडवणारी जागा होती: कंपन्यांचे संघ. टाटा, कॅल्टेक्स, महिंद्रा, एअर इंडिया. चांगला खेळणाऱ्याला नोकरी मिळायची, घर चालायचं, खेळ टिकायचा. कूपरेज मैदानावर मुंबईकरांनी उत्तम प्रशिक्षणही पाहिलं. शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स नेला. साळगावकरचा जुना बचावपटू डेरिक परेरा महिंद्रा युनायटेडचा प्रशिक्षक झाला आणि 2005-06 ची राष्ट्रीय लीग त्याने मुंबईला मिळवून दिली. जमील त्या काळात महिंद्राचाच मधल्या फळीतला खेळाडू. 2010 मध्ये महिंद्राने संघ बंद केला.

जमील तोवर मुंबई एफसीत गेला होता. खेळणं थांबलं आणि 2009 मध्ये तिथेच तो प्रशिक्षक झाला. सात हंगाम, तुटपुंज्या बळावर संघ तगवायचा, एवढंच काम. 2016 मध्ये त्याला काढलं. तो मिझोरमच्या ऐझॉल एफसीत गेला. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईचे दोघेही तिथे खेळले. 30 एप्रिल 2017, शिलाँग. ऐझॉलला जेतेपदासाठी बरोबरी पुरेशी होती, पण यजमान शिलाँग लाजाँगने आधी गोल केला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने तो फेडला, सामना 1-1 सुटला आणि आय-लीग ऐझॉलची झाली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिली, खाली घसरली आणि बंद पडली.

पुढे जमील जमशेदपूरचा प्रशिक्षक झाला. 2021-22 मध्ये त्याच खुर्चीवरून स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या ओवेन कॉईलने इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीची शील्ड जिंकून दिली होती. कॉईलही आधी खेळाडूच. स्कॉटलंडमध्ये असा माणूस निपजतो, कारण त्याला धरून ठेवणारे क्लब शंभर-सव्वाशे वर्षं उभे आहेत. जमीलला घडवणारे महिंद्रा युनायटेड आणि मुंबई एफसी आज नाहीत. पावसचा एखादा पोरगा चेंडू घेऊन मुंबईला निघाला, तर त्याला आज नोकरीसकट संघात घेणारं दार कोणतं, याचं उत्तर महाराष्ट्राचा फुटबॉल चालवणाऱ्यांनी द्यायला हवं.