ड्राय फ्लाय : लहान नमुन्यांची दृश्यता

पिसे, केस व धागा वापरून गळावर बांधलेली, पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत ठेवायची कृत्रिम माशी म्हणजे ड्राय फ्लाय. ट्राउटच्या मासेमारीत १८ ते २८ क्रमांकाच्या गळांवरील माश्या लहान समजल्या जातात (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो). २० क्रमांकाच्या माशीचे अंग जेमतेम ५ मिमी. भरते. दहा-बारा मीटरवर, खळाळत्या किंवा आभाळाने चकाकणाऱ्या पाण्यात ती नजरेत राहत नाही. ती दिसावी म्हणून बांधणीत व मांडणीत जे उपाय योजले जातात, त्यांचा येथे परामर्श घेतला आहे.

गरज : मिज, ट्रायको, बेटिस यांसारख्या चिमुकल्या कीटकांची पाण्यावर गर्दी होते, तेव्हा ट्राउट पुष्कळदा त्या आकाराखेरीज दुसरे काही घेत नाही. मोठी माशी टाकून भागत नाही ते यामुळे. शिवाय फसवणूक लक्षात येताच ट्राउट माशी थुंकून टाकतो. काठी उचलायला मिळणारा अवधी क्षणभराचाच असतो. माशी दिसत नसेल तर शेजारच्या खऱ्या किड्यावर उठलेल्या तरंगाला भुलून झटका दिला जातो आणि मासा बुजतो. दोऱ्याला प्रवाहाची ओढ लागून माशी अस्वाभाविक सरकू लागली, तरी तेही कळत नाही. हे दुसरे नुकसान अधिक मोठे आहे, कारण मासा का येत नाही याचा उलगडाच होत नाही.

माशाची दृष्टी : पाण्याखालून बाहेरचे जग ट्राउटला सुमारे ९७° कोनाच्या शंकूतून दिसते. पृष्ठभागावर या शंकूची गोल खिडकी तयार होते; तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सुमारे सव्वादोन पट असतो. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात माशीचा पाण्याला टेकलेला भागच उमटतो. माशी थेट डोक्यावर आली की अंगावर खुणेसाठी उभा केलेला तुरा अंगाने व भोवती गुंडाळलेल्या पिसांच्या चक्राने बराचसा झाकला जातो. माशीची खालची बाजू माशासाठी आणि वरची बाजू माणसासाठी, हे या बांधणीचे सूत्र यातूनच निघाले. मात्र माशी खिडकीच्या कडेशी येते तेव्हा आधी दिसतो तो वरचा भाग. जॉन गॉडर्ड व ब्रायन क्लार्क यांनी द ट्राउट अँड द फ्लाय (१९८०) या ग्रंथात याची चर्चा केली आहे. भडक तुऱ्याने ट्राउट बिचकतो की नाही याविषयी अनुभवी मंडळींत एकमत नाही.

पॅराशूट बांधणी : दृश्यतेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार. गळाच्या दांडीवर, गळाच्या डोळ्यापासून (दोरा ओवायच्या छिद्रापासून) साधारण एक-तृतीयांश अंतरावर, वासराच्या केसांचा किंवा पॉलिप्रोपिलीन धाग्याचा झुपका बांधून उभा करतात. त्याच्या बुडाभोवती धाग्याचे काही वेढे घट्ट बसवून त्याला ताठपणा आणतात आणि मग कोंबड्याच्या मानेचे पीस याच बुडाभोवती आडवे गुंडाळतात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली बसवावा लागतो. अंग पाण्याच्या पातळ पापुद्र्यात टेकते, तुरा वर उभा राहतो. २० क्रमांकाहून लहान गळांवर वासराचे केस जाड पडतात. तेथे पाण्याहून हलका असा पॉलिप्रोपिलीन धागाच सोयीचा. तुरा अंगाच्या लांबीइतका पुरे. दिसावा म्हणून तो उंच ठेवला तर माशी कलंडते आणि फेकताना गरगर फिरून टोकाच्या बारीक दोऱ्याला पीळ पाडते.

या बांधणीचे श्रेय वादग्रस्त आहे. अमेरिकेत विल्यम ब्रश यांना १९३४ मध्ये पेटंट मिळाले. स्कॉटलंडमध्येही त्याच दशकात अशा माश्या बांधल्या जात. लेनर्ड हॅलाडे यांनी १९२२ मध्ये मिशिगनमध्ये बांधलेली मूळ ॲडम्स माशी या प्रकारची नव्हती. पांढऱ्या तुऱ्याची पॅराशूट ॲडम्स हे तिचे नंतरचे रूप असून आज तेच अधिक वापरात आहे.

तुऱ्याचा रंग : सावलीत व काळसर पाण्यावर पांढरा उठून दिसतो, पण फेसात हरवतो, तेथे नारिंगी किंवा गुलाबी बरा. पाणी चांदीसारखे चकाकत असेल तर काळा तुरा सर्वांत स्पष्ट दिसतो. नवशिके बहुधा भडक रंगच घेतात आणि काळ्याचा हा उपयोग ध्यानात घेत नाहीत. भर उजेडात मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक संवेदनशील असतो. अंधारू लागताच ही कमाल ५०७ कडे सरकते. दुपारी झगमगणारा तांबडा-नारिंगी तुरा संध्याकाळी काळवंडतो आणि पोपटी टिकून राहतो, ते यामुळे.

इतर उपाय : मोठ्या, ठळक माशीच्या गळाला ४५ ते ६० सेंमी. दोरा जोडून त्याच्या टोकाला लहान माशी बांधतात. पुढची माशी खूण दाखवते; तिच्या आसपास काही हलले की काठी उचलायची. एकच माशी वापरण्याचा नियम असलेल्या पाण्यात ही युक्ती चालत नाही. अशा ठिकाणी दोऱ्यावर लोकरीचा बारीक पुंजका चालतो का, हे स्थानिक नियमांवर ठरते. बदकाच्या तैलग्रंथीजवळची पिसे (सीडीसी) फिकट असून चांगली तरंगतात. त्यांना जेल लावल्यास ती चिकटून बसतात, म्हणून सिलिकाची कोरडी पूड वापरावी. ही पूड माशीतील ओलावा शोषून घेते, शिवाय तिला थोडी पांढरटही करते.

चष्मा : ध्रुवीकारक काचांचा, कमी उजेडात पिवळसर छटेचा.

भारतात : ब्राउन ट्राउट १९०० मध्ये स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आणला गेला, पुढे तो कुलू भागात पोचला. निलगिरीत रेनबो ट्राउट आहे. महाराष्ट्रातील नद्यांचे उबदार पाणी या माशाला मानवत नाही. काश्मीरमधील लिद्दर व कुलू भागातील तीर्थन या नद्यांच्या फेसाळ पट्ट्यांत पांढऱ्यापेक्षा नारिंगी तुरा अधिक उपयोगी.