सूत्रधारांची मुले आणि वास्तुकलेची शाळा

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहिताना विश्वकर्म्यापासून आरंभ करून एकदम यंदाच्या सत्कारमूर्तींपर्यंत येण्याची स्मरणिकांतील प्रथा वाचकांस विदित आहेच. मधल्या काळाविषयी सहसा कोणी लिहीत नाही. आणि आमच्या मते आपला खरा इतिहास तेथेच दडलेला आहे. ज्यांच्या पूर्वजांनी देवळे, वाडे आणि रथ उभारले, त्यांच्याच मुलांना वास्तुविद्येच्या शाळेत पाऊल टाकताना परकेपणा का वाटावा, हा तो प्रश्न होय.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. 'मानसार' ग्रंथात स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी व तक्षक असे शिल्पिजनांचे चार वर्ग सांगितले आहेत. त्यांतील स्थपती हा शास्त्र जाणणारा, तर तक्षक छिन्नी-वाकस चालविणारा. परंतु चौघेही एकाच कुळीचे. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या आश्रयास असलेल्या मंडन सूत्रधाराने 'राजवल्लभ', 'प्रासादमंडन' इत्यादी ग्रंथ संस्कृतात रचले. माप घेणारा हात आणि ग्रंथ लिहिणारा हात एकच असू शकत होता, याचा याहून निर्विवाद पुरावा कोणता हवा?

इंग्रजी अमलात ही जोडी फुटली. नकाशा सरकारी कचेरीत इंग्रजीत तयार होऊ लागला आणि मिस्त्री केवळ हुकमाचा ताबेदार उरला. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली. तेथे १८९१ साली कारागिरीच्या कार्यशाळा सुरू झाल्या, तर १८९६ साली नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग निघाला. रंधा एकीकडे आणि पेन्सिल दुसरीकडे! १९१३ साली रॉबर्ट केबल हे वास्तुकलेचे प्राध्यापक म्हणून आले आणि पुढे या विद्येला प्रतिष्ठा लाभली, यात संशय नाही. परंतु शिक्षण इंग्रजीतून असल्यामुळे जो इंग्रजी शाळेची पायरी चढला नव्हता, त्याला हे दार उघडे असूनही बंदच होते.

याच सुमारास बडोद्यास एक निराळा प्रयोग झाला. तो आपल्या ज्ञातिबांधवांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंती आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती दिली. गज्जर हे सुरतेचे, सुतार कुळातले. 'गजधर' म्हणजे गज धारण करणारा, या शब्दावरून हे आडनाव आले असे मानतात. मुंबईस रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा कॉलेजात अध्यापक झाले होते. (१८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास फासलेले डांबर पुढे साफ करून दिले ते हेच गज्जर. हे काम त्यांच्याकडे यावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!)

गज्जरांचा आग्रह असा की, कारागिराच्या मुलास धंद्याचे शास्त्र त्याच्या मातृभाषेतूनच शिकविले पाहिजे. वास्तुकला, यंत्रविद्या, रंगविद्या, विणकाम, चित्रकला हे विषय तेथे गुजरातीतून शिकविले जाऊ लागले. पाठ्यपुस्तके नव्हती, ती लिहवून घेतली; पारिभाषिक शब्द नव्हते, ते जुळवावे लागले. हे काम इमारत बांधण्याहून सोपे नव्हते. बडोद्याच्या मराठी राजाने गुजराती कारागिराच्या भाषेस हा मान द्यावा, ही गोष्ट आम्हांस त्या राजाच्या थोरवीची खूण वाटते. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे याच संस्थेत घेतले. महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. कलाभवनास पोहोचण्याची पायरीही अशा रीतीने तयार होत गेली. गज्जर १८९६ साली कलाभवन सोडून गेले. १९४९ साली बडोद्यास विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्यात विलीन झाले.

स्वातंत्र्यानंतर १९७२ साली वास्तुविशारदांचा कायदा झाला. किमान पाच वर्षे व्यवसाय केलेल्या, परंतु पदवी नसलेल्यांनाही पहिल्या नोंदवहीत नाव घालण्याची मुभा त्यात होती. पुढे मात्र 'आर्किटेक्ट' ही उपाधी मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत व्यक्तीपुरतीच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की, कायद्याचे बंधन त्या उपाधीवर आहे, कामावर नाही. आपला अनुभवी मिस्त्री आजही घर बांधू शकतो. परंतु पाटीवर नाव लागते ते दुसऱ्याचे.

आज पदवीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. बारावीला गणित हवे, प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना सरकारी शुल्कसवलती आहेत, हे खरे. तथापि प्रतिकृतींचे सामान, संगणक व शहरातील राहणे यांचा खर्च सवलतीत मावत नाही. मंडळाच्या शिष्यवृत्त्या केवळ गुणांच्या टक्केवारीवर न देता त्यांतील काही या खर्चासाठी राखून ठेवाव्यात आणि त्यांत मुलींचा विचार आधी व्हावा, असे आम्ही कार्यकारिणीस सुचवितो.

दुसरी एक सूचना आहे. अनेक जुन्या घरांत माळ्यावर वडील-आजोबांच्या मापांच्या वह्या, कमानींचे व दरवाजांचे आराखडे पडून असतील. वाळवी लागण्यापूर्वी ते मंडळाकडे नकलेसाठी द्यावेत. मूळ वह्या ज्यांच्या त्यांस परत मिळाल्या पाहिजेत, ही जबाबदारी मंडळाने लेखी स्वीकारावी.