स्टॉकहोम कोंडी कर

स्टॉकहोम कोंडी कर हा स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या मध्यभागात मोटारीने ये-जा करणाऱ्यांवर आकारला जाणारा कर आहे. वाहतूक कोंडी कमी करणे हा त्याचा मुख्य उद्देश. शहर बेटांवर वसलेले असल्याने मध्यभागात शिरण्याचे मार्ग मोजकेच आहेत. त्या सर्वांवर कॅमेरे बसवून वाहन न थांबवता क्रमांकपट्टीची नोंद घेतली जाते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कराचा दर सर्वाधिक असतो. रात्री आणि शनिवार-रविवारी तो आकारला जात नाही.

३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात हा कर प्रायोगिक स्वरूपात लागू होता. आरंभी बहुसंख्य नागरिकांचा त्याला विरोध होता. २००५ मध्येच बसफेऱ्या वाढवण्यात आल्या होत्या, परंतु केवळ त्यामुळे मोटारींची संख्या घटली नाही. कर सुरू होताच मात्र करक्षेत्राच्या सीमेवरील वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली आणि प्रयोग संपताच ती बऱ्याच अंशी पूर्ववत झाली. कोंडी सुटल्याचा अनुभव घेतल्यानंतर सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात शहरवासीयांनी अल्प बहुमताने कराच्या बाजूने कौल दिला. सार्वमत घेणाऱ्या शेजारच्या अनेक नगरपालिकांनी मात्र तो नाकारला. तेथून कामासाठी मोटारीने शहरात येणाऱ्यांना त्याचा भार सोसावा लागणार होता. १ ऑगस्ट २००७ पासून कर कायमस्वरूपी लागू झाला.